सात ढांगा

आमच्या भावोजींनी आयुष्यात कधी टेप विकत घेतली नाही. देवाने दोन पाय दिलेत, आणखी काय मोजायला हवं, असं म्हणायचे. नवं कपाट दारातून आत जाईल की नाही हे ते दारासमोर ढांगा टाकून सांगायचे. माझ्या मुलीच्या लग्नात हॉलमध्ये खुर्च्यांच्या किती ओळी बसतील हे त्यांनी भर पाहुण्यांत, नवा सूट घालून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत मोजलं. व्याही माझ्याकडे असे बघायला लागले की बाई, हे तुमच्या घराण्यात असंच चालतं का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि ओळी बरोबर बसल्या. हाच तर खरा त्रास होता. त्यांचं माप चुकायचं नाही, त्यामुळे त्यांना कोणी काही सांगायची सोयच नव्हती.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी वाटाड्याची. समुद्राच्या कडेने, कड्यावरून अकरा किलोमीटरची पायवाट जाते. मोसमात शेकडो माणसं ती चालायला येतात, वरून समुद्र बघतात, पलीकडच्या किनाऱ्यावर उतरून वाळूत लोळतात आणि बसने परत येतात. ती वाट राखायचं काम बत्तीस वर्षं भावोजींकडे होतं. वाटेच्या तोंडाशी, गाड्या लावायच्या मैदानात, माझी चहाची टपरी आहे. म्हणजे ताईने नवरा केला आणि एकोणीस वर्षं चहा मी पाजला.

हा कडा दगडी नाही, मातीचा आहे. वरून भरभक्कम दिसतो, पण दरवर्षी वादळांच्या दिवसांत समुद्र त्याला खालून पोखरतो. म्हणून मोसम सुरू व्हायच्या आधी वाट पुन्हा आखावी लागते. काठापासून सात ढांगा आत यायचं आणि पिवळी खुंटी ठोकायची, पुढे जायचं, पुन्हा सात ढांगा, पुन्हा खुंटी. माणसांनी खुंट्यांच्या आतल्या बाजूने चालायचं. सातच का, तर खालची पोकळी कितीही माजली तरी तेरा-चौदा फुटांच्या पुढे जात नाही, हा कैक वाटाड्यांचा अनुभव. भावोजींची ढांग अडीच फुटांची. नोकरी लागली तेव्हा आधीच्या म्हाताऱ्या वाटाड्याने त्यांना ओल्या वाळूत शंभर फूट आखून महिनाभर चालवलं होतं, चाळीस ढांगांत बरोबर शंभर फूट बसेपर्यंत. भावोजी ही गोष्ट इतक्यांदा सांगायचे की मला तो म्हातारा न बघता ओळखता आला असता.

आणखी एक नियम त्या म्हाताऱ्याच्याही आधीपासूनचा होता. कुठल्या कागदावर नाही, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. ज्याने खुंट्या ठोकल्या, त्याच्या घरचं माणूस पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे चालणार. मग कोणी विचारतच नाही की वाट पक्की आहे का. भावोजींच्या घरचं माणूस म्हणजे ताई. बत्तीस वर्षं ती मोसमाच्या पहिल्या सकाळी हातात काठी घेऊन पुढे निघते आणि मागे हौशी मंडळी.

त्या वर्षीही ती सात वाजता निघाली. मागे पासष्ट-सत्तर माणसं होती, बरीचशी निवृत्त, गळ्यात दुर्बिणी, पायात करकरीत नवे बूट. ताईने जाताना मला बजावलं, "नाकावर चहा वेळेवर पाठव गं. मागच्या साली पाणचट होता."

नाक म्हणजे वाटेवरची समुद्रात घुसलेली टेकाडासारखी जागा. तिथपर्यंत पोचायला या मंडळींना दीड तास लागतो. नाक ओलांडलं की पलीकडे पायऱ्यांच्या तोंडाशी माझा चहा असतो. मी तिथे थर्मास घेऊन उभी राहते, दोन्ही हात वर करून हलवते, आणि मंडळी चहा दिसल्यावर जशी चालतात तशी आधीच्या दीड तासात कधी चाललेली नसतात. मी किनाऱ्याच्या वाळूतून जाते, ओहोटी असेल तर ते अंतर निम्मं पडतं.

ताई गेली. भावोजी मागे राहिले, कारण वाटाड्या तासाभराने निघतो आणि मागे रेंगाळणाऱ्यांना गोळा करत जातो. तेवढ्यात मी म्हटलं, पताका लावून घेऊ. टपरीपासून वाटेच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी खांबापर्यंत रंगीत कापडाच्या पताका लावायच्या ही माझी नवी हौस. दोरी किती लागेल ते आदल्या आठवड्यात भावोजींनीच ढांगा टाकून सांगितलं होतं. त्रेपन्न ढांगा, म्हणजे एकशे बत्तीस फूट. मी दुकानातून मोजून तेवढी आणली होती.

दोरी बांधली, ताणली, खांबाला गाठ मारली, आणि हातात केवढं तरी वेटोळं उरलं.

"भावोजी," मी ओरडले, "तुमच्या ढांगांनी मला बुडवलं. निम्मी नाही पण पाव दोरी उरलीय."

"दुकानदाराने जास्त दिली असेल."

"दुकानदार जास्त देतो? कुठल्या दुकानात, मलाही सांगा, मी रोज जाईन."

त्यांना ते लागलं. टेबलावरचा चहा तसाच टाकून ते टपरीच्या भिंतीपाशी गेले, टाचा भिंतीला लावल्या आणि खांबाकडे निघाले. ओठांत मोजत होते. मी मजा बघायला कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. मला आठवत होतं की माझ्या टपरीला वीज जोडली तेव्हा खांबावरून आणलेली वायर बरोबर शंभर फूट लागली होती, बिल मीच भरलं होतं. ते सांगून त्यांचं नाक कापायचं हे मी मनात पक्कं केलं होतं.

ते खांबाला टेकले. "त्रेपन्न," म्हणाले. "बघ."

"हे अंतर शंभर फूट आहे, भावोजी. माझी वायर मोजून टाकलीय. टपरी हलली की खांब?"

मी हसत होते. ते हसले नाहीत. त्यांनी खांबाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, मग खाली आपल्या पायांकडे. शंभर फुटांना चाळीस ढांगा लागायच्या. त्रेपन्न लागत असतील तर खांब हलला नव्हता, टपरी हलली नव्हती. त्यांचा उजवा हात नकळत गुडघ्यावर गेला आणि मी ते पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

"गुडघा?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "पायऱ्यांवरून घसरलो होतो. वाकत नाही पुरता."

मोडेन पण वाकणार नाही, हा मला इतके दिवस त्यांचा स्वभाव वाटत होता. कोणाला दिसू नये म्हणून ते माणसांत पाय ताठ ठेवून, रुबाबात चालायचे. कचेरीचा डॉक्टर दरवर्षी तब्येत विचारून सही करतो. गुडघा गेला म्हटलं की वाट गेली, आणि निवृत्तीला नऊ महिने राहिले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण पाय झाकला तरी ढांग आखूड झाली होती, आणि ते त्यांच्या स्वतःच्या ध्यानात आलं नव्हतं. रोज हळूहळू आखूड होणारी गोष्ट कोणाच्या ध्यानात येते? जुन्या खुंट्या उपटून नव्या ठोकायच्या, काठ दरवर्षी नवा, त्यामुळे ताडून बघायलाही काही नाही.

"म्हणजे सात ढांगा किती झाल्या?" मी विचारलं. हिशेब मला येत होता, पण मला तो करायचा नव्हता.

"सव्वातेरा फूट."

"आणि पोकळी?"

या वर्षी वादळं नेहमीपेक्षा दोन जास्त झाली होती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. इतर ठिकाणी कडा सरळसोट आहे, तिथे चार फुटांनी बिघडत नाही. नाकाखाली मात्र समुद्र तिन्ही बाजूंनी खातो.

ताई तिकडेच निघाली होती. पाऊण तास झाला होता.

त्यांनी ताईला फोन लावला. कड्यावर रेंज येत नाही हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तरी त्यांनी तीनदा लावला. मग मी म्हटलं, "मॅडमना सांगा." मॅडम म्हणजे वाटांच्या कचेरीत नव्याने आलेल्या इंजिनिअर बाई. भावोजींनी फोन हातात धरला आणि नुसते उभे राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. दोन श्वास असतील. पण त्या दोन श्वासांत मला त्यांचा इतका राग आला की तेवढा माझ्या नवऱ्याचाही कधी आला नव्हता.

"तुम्हाला नऊ महिन्यांची पडलीय?" मी म्हणाले. "माझी बहीण आहे ती."

त्यांनी फोन लावला. "मॅडम, नाकाचा कडा बरा दिसत नाही. मी वाट बंद करतोय, तुम्ही या," एवढंच म्हणाले. गुडघ्याबद्दल अवाक्षर नाही. पलीकडून त्या म्हणाल्या, निघते, पण तासभर लागेल. वरातीमागून घोडं. कड्यावरून गाठायचं म्हटलं तर मंडळी पाऊण तास पुढे होती. राहिला वाळूचा रस्ता. भरती लागून तासभर झाला होता.

"मी पळते," मी म्हटलं. "तुम्ही मागून या."

"नाकाखालच्या खडकांत तुला रस्ता सापडायचा नाही. पाणी आलं असेल. मी बरोबर येतो."

तर असे आम्ही निघालो. मी बावन्न वर्षांची, अंगाने भरलेली, पायात टपरीतल्या चपला. ते सत्तावन्न वर्षांचे, एका गुडघ्याने अधू. कोणी बघितलं असतं तर हसून लोळलं असतं. ओल्या वाळूत पाय कमी रुततो म्हणून आम्ही पाण्याच्या कडेने पळत होतो. पहिल्या दहा मिनिटांत माझ्या छातीत कळ यायला लागली. भावोजी मागे पडले की मी थांबायचे, आणि ते हाताने पुढे हो म्हणून खुणवायचे. आता ते लंगडत होते, लपवायचं काहीच राहिलं नव्हतं. डाव्या पायाचा ठसा खोल, उजव्याची नुसती घसट.

वर मान केली की कड्याचा काठ दिसायचा. माणसं दिसत नव्हती, वाट आत आहे. एकदा हसण्याचा आवाज आला असं मला वाटलं. मी "ताई!" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडले. लाटांच्या आवाजात ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

नाकाशी पोचलो तेव्हा पाणी खडकांत शिरलं होतं. भावोजी पुढे झाले. कुठल्या दगडावर पाय टाकायचा, कुठला शेवाळाचा, हे त्यांना पाठ होतं. "माझ्या मागून. मी ठेवतो तिथेच पाय ठेव, धाकटे." मला ते नेहमी धाकटीच म्हणतात. पाणी आधी पोटऱ्यांना, मग गुडघ्यांना, मग कमरेला लागलं. एका लाटेने माझी चप्पल नेली. दुसरी मी स्वतःच काढून फेकली.

आणि मग आम्ही पोकळीत शिरलो. पलीकडे जायला दुसरा रस्ता नव्हता. दरवर्षी मी तिथून थर्मास घेऊन जायचे तेव्हा ती एक वळचणीसारखी जागा होती, ऊन लागलं तर उभं राहायला बरी. या वर्षी ती एखाद्या घराएवढी झाली होती. आत अंधार होता, ओल्या मातीचा वास होता. भावोजी एकदम थांबले. मी त्यांच्या पाठीवर आदळले. ते वर बघत होते.

छतातून गवताची मुळं लोंबत होती. वरून रेतीची बारीक धार पडत होती, थांबायची, पुन्हा पडायची. आणि मुळांच्या मधोमध, छतातून खाली आलेली, काळी टोकदार लाकडं होती. एक, पलीकडे दुसरं, त्याच्या पलीकडे तिसरं. मला आधी कळलं नाही. मग कळलं. खुंट्या जमिनीत कुजू नयेत म्हणून भावोजी त्यांची टोकं डांबरात बुडवतात. माझ्याच चुलीवर ते डांबर गरम करतात आणि मी दरवर्षी त्यावरून भांडते. त्या खुंट्यांची टोकं होती ती. वर वाट होती. कमरेएवढी खुंटी, अर्धी जमिनीत. म्हणजे वाटेखाली माती होती ती तेवढीच.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "बोलू नको. भिंतीला धरून चल. हळू," ते कुजबुजले.

आम्ही त्या छताखालून गेलो. पन्नास एक पावलं असतील. मी कधी नाही ते देवाचं नाव घेतलं, आणि मधेच मला वाटलं की आत्ता, या क्षणी वर ताईचा पाय पडला तर? मग मी वर बघितलंच नाही.

पलीकडे पायऱ्या आहेत, एकशे बारा. मी वर धावले, चार पायांवर धावले म्हटलं तरी चालेल. भावोजी कठडा धरून एकेक पायरी चढत होते. वरच्या पायरीवर डोकं काढलं आणि समोर बघितलं. नाकाच्या या टोकाला मी, त्या टोकाला मंडळी, मधे पिवळ्या खुंट्यांची ओळ. सगळ्यांच्या पुढे ताई, काठी टेकत, गप्पा मारत. माती पोकळ होती तिथून ती फार तर शंभर फुटांवर होती.

मी दोन्ही हात वर केले आणि जीव खाऊन हलवले.

ताईने काठी उंच केली. मागच्या मंडळींनी टोप्या हलवल्या. आणि सगळे भराभर चालायला लागले.

मूर्ख मी. एकोणीस वर्षं मी त्याच जागी उभी राहून हेच करत आले होते. हात हलले की चहा तयार. मी "थांबा" ओरडले, वारा समुद्रावरून होता, शब्द कुठल्या कुठे गेला. मी नाही नाही म्हणून हात आडवे हलवले, तर एक टोपीवाला तसेच हात हलवून नाचायला लागला. ताई हसत होती, मला तिचे दात दिसत होते. ती त्या पोकळीवर येत होती आणि मी तिला बोलावत होते. पुढे धावत जाऊन तिला अडवावं तर मधे तीच जमीन. मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले.

तेव्हा भावोजी वर आले. पायऱ्यांनी त्यांच्या गुडघ्याचं उरलंसुरलं काढून घेतलं होतं. ते कठडा सोडून उघड्यावर आले, दोन पावलं टाकली, तिसऱ्याला उजवा पाय फरपटला, पडता पडता सावरले, पुन्हा चालले. अंगावरून पाणी गळत होतं. त्यांनी हात हलवला नाही, ओरडले नाहीत. नुसते ताईकडे बघत वाटेच्या मधोमध, वेडेवाकडे, भेलकांडत येत राहिले.

ताई थांबली. काठी जमिनीत रोवली आणि दोन्ही हात आडवे पसरले. मागची मंडळी तिच्यावर आदळली, पण ती हलली नाही. बत्तीस वर्षांत आपला नवरा चारचौघांत असा चाललेला तिने पाहिला नव्हता. तेवढंच तिला पुरलं.

भावोजीही पोकळ जमिनीच्या अलीकडेच थांबले. आतल्या बाजूला काटेरी झुडपांचं रान आहे, त्यातून आम्ही वळसा घालून गेलो. दहा मिनिटं लागली. सत्तर माणसं उभी राहून बघत होती. पोचेपर्यंत माझे तळवे फाटले होते आणि भावोजींचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"वाट बंद आहे. शेतातून मागे फिरा," ते म्हणाले.

दुर्बीणवाले एक गृहस्थ पुढे आले. आयुष्यभर कुठेतरी साहेब असावेत. "पण खुंट्या तर लावलेल्या आहेत!"

"मीच लावल्यात," भावोजी म्हणाले. "म्हणून सांगतोय. माझा पाय गेलाय. दोन वर्षांपासून गेलाय. मी कोणाला सांगितलं नाही. सात ढांगांची खुंटी मी पाच ढांगांवर ठोकलीय, आणि खाली काही नाही. आत्ताच खालून बघून आलो."

त्या गृहस्थांनी खुंट्यांकडे बघितलं आणि हळूच चार पावलं मागे सरकले. मग सगळेच सरकले. नंतर एकमेकांचे हात धरून, बूट वाजू न देता, शेताकडे निघाले.

ताई तिथेच उभी होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"गुडघ्याचं. जिन्यावर तुमची पावलं ऐकते ना मी. एक जोरात, एक हळू. दोन वर्षं ऐकतेय." तिचा आवाज चढत गेला. "मी म्हटलं, लपवताहेत तर लपवू देत. पुरुषाला तेवढी अब्रू हवी. नऊ महिन्यांनी घरीच बसणार आहेत. मी मेले असते हो! माझं सोडा, यांना सगळ्यांना मी माझ्या मागून घेऊन चालले होते. माझ्या भरवशावर!"

भावोजींनी तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने तो झिडकारला. मग स्वतःच त्यांना खांदा दिला, आणि आम्ही तिघं झुडपांपलीकडे जाऊन गवतात बसलो. ताईने त्यांची पँट वर केली. गुडघा सुजून टरबुजाएवढा झाला होता. तिने त्यावर आपला रुमाल गुंडाळला आणि गाठ इतकी घट्ट मारली की ते कळवळले. ते कळवळले म्हणून ती सैल केली नाही.

मॅडम टेप आणि दोर घेऊन आल्या. तरुण बाई, पण पोक्त. त्यांनी आरडाओरडा केला नाही. भावोजींनी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, या वेळी गुडघ्यासकट. "किती खुंट्या अशा ठोकल्यात?" त्यांनी विचारलं. "सगळ्या," भावोजी म्हणाले, "अकरा किलोमीटर." त्यांनी खिशातून आपली मापांची वही काढली, पाण्याने भिजली होती, आणि मॅडमच्या पुढे ठेवली. "यातलं काही खरं धरू नका." मॅडमनी ती घेतली नाही. म्हणाल्या, तुमच्याजवळच ठेवा, खरे आकडे तुम्हीच लिहा. मग त्या दुरून दोर बांधायला गेल्या.

भावोजी वही मांडीवर घेऊन बसले. ताई पाठ करून समुद्राकडे बघत होती. दोर बांधून झाला तेव्हा ते मला म्हणाले, "धाकटे, एक काम कर. हिची काठी रोवलेली आहे, तिथून पोकळीवरच्या त्या पहिल्या खुंटीपर्यंत किती आहे ते दोराच्या या बाजूने मोजून ये. मला उठवत नाही."

मी गेले. दोराच्या आतून, अनवाणी, काठीच्या समोरून खुंटीच्या समोरपर्यंत चालले. नऊ ढांगा झाल्या. माझ्या, म्हणजे बायकी, छोट्या. मी परत फिरून पुन्हा मोजल्या. नऊच होत्या.

मी परत आले. ते पेन्सिल घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होते. उभ्या जन्मात मी या माणसाला कशात सूट दिली नव्हती.

"पंचवीस," मी म्हणाले.

ताईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. काठी तिने रोवली होती, अंतर तिला दिसलं होतं. ती काही बोलली नाही. भावोजींनी दोनदा विचारलं, नक्की पंचवीस? मी म्हटलं, नक्की, हवं तर जाऊन मोजा. ते काही उठले नाहीत. त्यांनी ओल्या कागदावर सावकाश पंचवीस लिहिले. त्या वहीत चुकीचे आकडे पुढे पुष्कळ निघाले, पण जाणूनबुजून खोटा असा तो एकच आहे, आणि तो माझा आहे.